मागे असेल त्याची पाळी आधी

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या घरात एकच चर्चा असते, यंदा जायचं कुठे? लांबची सहल खिशाला परवडत नाही आणि दादींच्या गुडघ्यांनाही सोसत नाही. अशातच मुलांच्या मामूंचा फोन आला. "चार दिवस आखाड्यावर येऊन राहा. सीताफळं उतरायला आलीत, हवा चांगली आहे. आणि तुमच्या भाच्याने माळावर एक नवाच खेळ मांडलाय. मला तर काही कळत नाही, तुम्ही येऊन बघा."

मामूंची शेती बीडजवळ, पालीच्या अलीकडे. आम्ही माजलगावचे. म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच सहल. भाड्याची गाडी सांगितली, भाकरी, चटणी आणि उकडलेली अंडी डब्यात भरली आणि फजरनंतर निघालो. गाडीत दादी, आम्ही दोघं आणि तीन मुलं. थोरला दहावीत, मधली आठवीत, धाकटा चौथीत.

तेलगाव, वडवणी करत बीडकडे येताना रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर दिसत होते. ऊसतोडीचे दिवस सुरू झाले होते. ट्रॉलीत अख्खा संसार भरलेला असतो. पत्र्याची पेटी, घागरी, बाजेची गुंडाळलेली दोरी, कोंबड्यांचं डालगं, आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातो, कुणी कर्नाटकात. परत यायचे ते मार्च-एप्रिलमध्ये. धाकट्याने विचारलं, "अब्बू, यांची शाळा?" काय उत्तर द्यावं सुचेना. दादीच म्हणाल्या, "ज्यांच्या घरी कुणी म्हातारं माणूस आहे, ती पोरं मागे राहतात. बाकीची जातात."

मधली खिडकीशी बसून होती, गप्प. ती आता बऱ्याचदा गप्प असते. सातवीपर्यंत मोहल्ल्यामागच्या मैदानावर लगोरीत तिचा नेम कुणी धरू शकत नव्हतं. मग मैदानावर मोठ्या मुलांचं क्रिकेट वाढलं, ती स्वतः उंच झाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा वाढल्या. घरात तिला कुणी "खेळू नकोस" म्हटलं नाही. पण "जा, खेळ" असंही कुणी म्हटलं नाही, हे आम्हाला कबूल केलं पाहिजे. वर्षभरात तिचं जग शाळा, शिकवणी आणि मोबाइल एवढंच उरलं होतं.

खजाना बावडी

बीड ओलांडून दक्षिणेला सहा-सात किलोमीटर गेलं की खजाना बावडी लागते. मुलांनी ती पाहिलेली नव्हती, म्हणून गाडी तिथे थांबवली. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबत खानाने ही विहीर बांधून घेतली. बांधणाऱ्या कारागिराचं नाव राजा भास्कर असं सांगतात. गोल बांधणीची विहीर आहे. दोन भुयारांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्या भुयारातून बाहेर पडून बीडच्या बाजूच्या शेतांकडे जातं. मोट नाही, मोटार नाही. जमिनीचा उतार अचूक ओळखून भुयारं खोदलेली आहेत. तेवढ्यावर शेकडो वर्षं पाणी चालत राहिलं आहे.

थोरला म्हणाला, "पण पाणी ओढायला जोर तर लागेलच ना?" मामू आम्हाला घ्यायला तिथवर आले होते. ते हसले. "जोर नाही बाबा, अंदाज लागतो. उतार बरोबर धरला की पाणी आपणहून जातं." हे वाक्य त्या दिवशी आणखी दोनदा कानावर येणार होतं, तेव्हा ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

नऊ घरांचा माळ

मामूंच्या आखाड्यामागे चार-पाच एकरांचा मुरमाड माळ आहे. बालाघाटच्या डोंगराचा हा पायथा. पीक फारसं येत नाही म्हणून तो पड राहिला आणि पड राहिला म्हणून झाडं टिकली. लिंबाची दहा-बारा झाडं, दोन जुन्या चिंचा, कडेला बाभळी, मध्ये सीताफळांची झुडपं. दाट म्हणावी अशी झाडी नाही. कुठूनही पलीकडचा बांध दिसतो. ऊन-सावली सारखी सरकत असते. बीडचं सीताफळ ओळखीचं आहेच, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माळावर शिरताच पिकल्या फळांचा गोड वास आला.

मामूंचा मुलगा, मुलांचा भाईजान, दोन वर्षं अमेरिकेत शिकून आलाय. त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा तबकड्या जास्त निघाल्या. लाल, पिवळ्या, निळ्या, जेवणाच्या ताटलीपेक्षा थोड्या लहान. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. तिकडे गावोगावच्या बागांत, झाडांमधून, हा खेळ मांडलेला असतो, असं तो सांगत होता. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत खड्ड्यापर्यंत न्यायचा, इथे हाताने तबकडी फेकत ठरलेल्या जागेपर्यंत न्यायची. तबकडी जिथे पडेल तिथून पुढची फेक. सर्वांत कमी फेकींत जो पोहोचेल तो पुढे. गोल्फला हिरवळ लागते, पाणी लागतं, श्रीमंती लागते. याला थोडी मोकळी जागा आणि चार झाडं पुरतात.

पोहोचायच्या जागेला इंग्रजीत होल म्हणतात. दादींना ते पटेना. "गोट्यांची गल असते तसं?" धाकटा म्हणाला, "नाही दादी, घर म्हणू. तबकडीला घरी पोहोचवायचं." तेव्हापासून आमच्यात ते घरच झालं. नऊ झाडांना भाईजानने लाल चिंधी बांधली होती. नऊ झाडं, नऊ घरं. तिकडे नऊ किंवा अठरा घरं असतात. शिकाऊ लोकांसाठी घरं जवळ ठेवतात. आमचं सर्वांत जवळचं चाळीस पावलांवर होतं, सर्वांत लांबचं शंभरावर.

दादींनी तबकडी हातात घेऊन उलटी-सुलटी पाहिली. "अरे, हे तर डब्याचं झाकण! आम्ही लहानपणी फेकायचो आणि मार खायचो." सगळे हसले, पण भाईजान म्हणाला, "दादी, खरंच तसंच झालंय." अमेरिकेत फ्रेड मॉरिसन नावाच्या तरुणाने आणि त्याच्या होणाऱ्या बायकोने १९३७ च्या सुमारास पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे फेकायला सुरुवात केली. पुढे केकची पत्र्याची ताटली घेतली, आणि ती समुद्रकिनाऱ्यावर लोकांना विकलीही. त्यातूनच त्याने प्लॅस्टिकची तबकडी बनवली. १९५७ साली व्हॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ती बाजारात आणली आणि तिचं नाव फ्रिस्बी ठेवलं. दादींना हे फार आवडलं. दिवसभर येईल त्याला त्या सांगत होत्या, "झाकणाचा खेळ आहे."

जोर नाही, अंदाज

आधी फेकायला शिकलो. तबकडी चार बोटांनी आतून धरायची, अंगठा वर. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा खांदा घराकडे करून आडवं उभं राहायचं. तबकडी छातीजवळून सरळ रेषेत ओढायची आणि शेवटी मनगटाला झटका द्यायचा. त्या झटक्याने ती स्वतःभोवती फिरते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तसंच. फिरकी असेल तर तबकडी हवेवर तरंगते, नसेल तर डळमळून खाली येते. फेकताना तिचा पुढचा काठ वर राहिला की ती आभाळाकडे चढते आणि पुढे न जाता खाली बसते. उजव्या हाताने अशी फेकलेली तबकडी वेग कमी झाला की डावीकडे कलते, म्हणून थोडी उजवीकडे सोडायची.

थोरल्याने हे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. क्रिकेटमध्ये तो सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेकतो. त्याने पूर्ण ताकदीने हात फिरवला. तबकडी चिंचेच्या शेंड्याएवढी उंच गेली आणि आमच्याच मागे येऊन पडली. मामू म्हणाले, "बावडीवर काय सांगितलं होतं? जोर नाही, अंदाज."

मधलीने मात्र चार फेकी नुसत्या बघितल्या. मग ओढणी नीट खोचून घेतली, उभी राहिली आणि सावकाश हात ओढला. तबकडी जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, कुणी दोरी बांधून ओढावी तशी सरळ गेली आणि पहिल्या घरापासून पाच पावलांवर उतरली. लगोरीतला नेम कुठे गेलेला नव्हता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू किती महिन्यांनी दिसत होतं, ते मोजायची हिंमत झाली नाही.

पाळी कुणाची

पहिलं घर मोकळ्यावर होतं, दोन लिंबांच्या मधून. दुसऱ्यासाठी सीताफळांच्या झुडपांवरून फेकायचं. तिसरं चिंचेच्या पलीकडे. सरळ रेषेत चिंच आडवी येते, त्यामुळे डावीकडून वळसा घ्यावा लागतो. चौथं उतारावर. पाचवं बाभळींच्या बाजूला, तिथे चुकलं की काटे. सातव्या घरापूर्वी कोरडी ओघळ आहे. तबकडी ओघळीत पडली तर एक फेक दंड. नववं घर फिरून आखाड्याजवळ, दादींच्या बाजेसमोरच. तीन फेकींत घर गाठलं की बरोबरी धरायची.

दादी बघायला म्हणून बाज टाकून बसल्या होत्या. मधलीने त्यांना काठीसकट उठवलं. त्यांची पहिली फेक दहा पावलांवर पडली. बाकीच्यांच्या तबकड्या कितीतरी पुढे. दादी म्हणाल्या, "झालं माझं. आता तुमचं चालू द्या, मी थांबते." तेव्हा भाईजानने नियम सांगितला. घरापासून जो सर्वांत लांब, त्याची पाळी आधी. तो फेकेपर्यंत बाकी कुणी पुढे जायचं नाही, बोलायचं नाही, नजरेसमोर हालचाल करायची नाही.

"म्हणजे परत माझीच?"

"तुमचीच, दादी. आम्ही सगळे थांबलोय."

दादींनी दुसऱ्यांदा फेकलं. अजूनही त्याच सर्वांत मागे. परत त्यांचीच पाळी. तिसऱ्यांदाही. आम्ही सात माणसं माळावर चिडीचूप उभे आणि काठी टेकत चाललेल्या एका म्हाताऱ्या बाईची वाट बघतोय. लग्नकार्यात, बाजारात, रस्ता ओलांडताना, अगदी आमच्या घरातसुद्धा, "तुम्ही बसा दादी, आम्ही करतो" हेच वाक्य त्या गेली दहा वर्षं ऐकत आल्या आहेत. ते मायेने म्हटलेलं असतं, पण त्यात "तुमच्यासाठी थांबायला वेळ नाही" हेही असतं. या खेळात थांबणं हा नियमच आहे. सहाव्या फेकीला दादींची तबकडी लिंबाच्या बुंध्याला लागली तेव्हा झालेल्या आरडाओरड्याने झाडावरचे होले उडून गेले.

पहिल्या दिवशी दादी चार घरं खेळल्या. मग बाजेवर जाऊन नवव्या घराची राखण करत बसल्या आणि आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा शेवटचं घर पुन्हा खेळल्या.

आणखी एक नियम आम्हाला आवडला. तबकडी झुडपात अडकली तर तिथूनच वाट काढायची. फांदी मोडायची नाही, वाकवून बांधायची नाही, झाड आडवं येतं म्हणून पानं तोडायची नाहीत. झाड आहे तिथेच राहणार, बाजूने फेकायचं आपण. थोरला सीताफळाच्या झुडपात गुडघ्यांवर बसून जमिनीलगत तबकडी सरकवत होता, तेव्हा मुमानी म्हणाल्या, "अभ्यासाला असा बसला असतास तर!"

लिंबाची साल

जोहरच्या नमाजनंतर पिठलं-भाकरी झाली आणि मुलांनी दुसरा डाव मांडला. तो संपायच्या आत मामूंची हाक आली. आवाज नेहमीचा नव्हता. ते सहाव्या घराच्या लिंबाजवळ उभे होते. कोवळं झाड, मांडीएवढ्या जाडीचं. तबकडीची कड पातळ आणि कडक असते. पंधरा-वीस वेळा त्याच जागी लागून साल सोलली होती आणि आतला ओला भाग दिसत होता.

"हे अब्बांनी लावलेलं शेवटचं झाड आहे," मामू एवढंच म्हणाले आणि हाताने साल चाचपत राहिले. "खेळा. पण झाडाला निशाण करू नका."

मुलांची तोंडं उतरली. भाईजान सर्वांत जास्त ओशाळला. मोठ्या झाडांना फारसं काही होत नाही, पण कोवळ्या झाडाची साल निघाली की त्याच्या अन्नाचीच वाट तुटते. गोल सोललं गेलं तर झाड वाळतं. जिथे हा खेळ खूप चालतो तिथे कोवळ्या झाडांना म्हणूनच खांबांचं कुंपण करतात किंवा बुंध्याला जाड आवरण बांधतात. हे त्याला माहीत होतं, घाईत राहून गेलं होतं.

संध्याकाळी सगळे कामाला लागले. मोडक्या गोठ्याच्या मेढी पडल्या होत्या. त्या कमरेएवढ्या उंचीच्या कापल्या आणि झाडांपासून दूर, मोकळ्या जागांत रोवल्या. प्रत्येक मेढीवर जुनं टोपलं पक्कं बांधलं. लाल चिंध्या झाडांवरून सोडून टोपल्यांना बांधल्या. जखम झालेल्या लिंबाला मामूंनी शेण-मातीचा लेप दिला आणि मधलीने वर गोणपाट गुंडाळलं.

रात्री शेकोटीजवळ भाईजानने या खेळाची पुढची गोष्ट सांगितली. एड हेड्रिक नावाचा माणूस त्याच फ्रिस्बीच्या कंपनीत १९६४ मध्ये कामाला लागला आणि त्याने तबकडीत सुधारणा करून ती सरळ उडेल अशी केली. १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह नावाच्या बागेत, ओकच्या झाडांमध्ये, त्याने डिस्क गोल्फचं पहिलं कायमचं मैदान आखलं. पुढच्याच वर्षी या खेळाची संघटना काढली. सुरुवातीला तिथे नुसते खांबच होते. मग "लागली", "नाही लागली" अशी भांडणं होऊ लागली. म्हणून त्याने मुलाच्या मदतीने खांबाला टोपली बसवली आणि वर साखळ्या लोंबत्या सोडल्या. तबकडी साखळ्यांना लागली की खळ्ळकन आवाज येतो आणि ती टोपलीत पडते. भांडण मिटतं. १९७७ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. आज जगभर तीच पद्धत आहे.

"म्हणजे आपणही झाडावरून टोपलीवर आलो," धाकटा म्हणाला.

मामू उठले, गोठ्यातून गुरांची जुनी साखळी घेऊन आले आणि नवव्या घराच्या टोपलीवर आडवी काठी बांधून तिला लोंबती सोडली. राग गेला होता.

वस्तीवरची भावंडं

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर गेलो तर दोन मुलं आधीच टोपल्यांपाशी उभी. शेजारच्या वस्तीवरची भावंडं, मुलगी नऊ-दहा वर्षांची, भाऊ तिच्याहून लहान. आई-बाप आठवड्यापूर्वीच ऊसतोडीला गेले होते. ही दोघं आजीजवळ राहिली होती. तासभर ती आमच्या तबकड्या झुडपांतून शोधून देत राहिली. कुठल्या बाभळीखाली काटे जास्त, कुठल्या दगडाखाली विंचू निघतो, सगळं त्यांना पाठ. तबकडी उचलायच्या आधी काठीने गवत हलवायचं, हेही त्यांनीच शिकवलं.

शेवटी दादींनी बाजेवरून आवाज दिला, "अगं, त्या पोरीला नुसतं आणायलाच लावताय का? तिची पाळी कुठंय?"

आम्हाला लाज वाटली. मधलीने आपली पिवळी तबकडी तिच्या हातात दिली, अंगठा कसा ठेवायचा ते दाखवलं. पहिली फेक जवळच पडली. मुलगी मागे सरकली आणि तबकडी परत द्यायला लागली.

"थांब, परत तुझीच पाळी."

"परत माझीच? का ताई?"

"तू मागे आहेस ना, म्हणून."

तिने भावाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. चेष्टा तर नाही ना, हे बघत असावी. मग फेकलं. त्या सकाळी ती नऊच्या नऊ घरं खेळली. साखळीचा खळ्ळ आवाज पहिल्यांदा तिनेच काढला, म्हणजे आठ पावलांवरून. फेकींचा हिशेब मधलीकडे वहीत होता. तिच्या स्वतःच्या चौतीस फेकी, थोरल्याच्या एकोणचाळीस, वस्तीवरच्या मुलीच्या त्रेचाळीस. आम्हा दोघांचे आकडे इथे न दिलेले बरे.

निघायच्या आधी भाईजानने दोन तबकड्या त्या भावंडांना दिल्या आणि टोपल्या तशाच राहू देणार असल्याचं सांगितलं. मामू म्हणाले, "तुमच्या आजीला घेऊन या. इथे म्हाताऱ्या माणसांचा पहिला नंबर असतो."

पालवणची देवराई

परतीच्या दिवशी बीडजवळच्या पालवणला गेलो. तिथल्या उघड्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईच्या कामातून, वनविभागाच्या साथीने, लोकांनी झाडं लावली आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलन भरलं होतं. संमेलनाचा अध्यक्ष माणूस नव्हता, वडाचं झाड होतं. वड, पिंपळ, लिंब, सगळी आपल्याच मातीतली झाडं.

धाकट्याने तबकडी बरोबर घेतली होती. डोंगर बघून त्याचा हात शिवशिवायला लागला. "इथे किती छान नऊ घरं होतील!" मधली त्याला म्हणाली, "इथली झाडं अजून लहान आहेत. मामूंचा लिंब विसरलास?" तबकडी पिशवीतच राहिली. आम्ही फक्त चाललो. दादी अर्ध्यापर्यंत आल्या, तिथे एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "लावणारा सावलीत बसत नाही, बसतो दुसराच. म्हणूनच झाड लावायचं सवाब मोठं."

घरी आल्यावर

गाडी वडवणीच्या पुढे आली तेव्हा मधलीने विचारलं, "अम्मी, माजलगावात हे कुठे खेळायचं?"

एवढे दिवस हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता, आणि आम्हीही तिला विचारला नव्हता. मैदान गेलं तेव्हा आम्ही समजूत घालून घेतली होती की मोठी झाली, आता नाही खेळायचं तिला. माळावरच्या नियमाप्रमाणे मागे राहिलेल्याची पाळी आधी यायला हवी होती. आम्ही पुढे चालत राहिलो होतो.

घरी आल्यावर अब्बूंनी ओळखीच्या एका शाळेत विचारलं. शाळेच्या कुंपणालगत लिंबांची जुनी रांग आहे. रविवारी सकाळी तिथे कुणी नसतं. संस्थेच्या मंडळींनी आधी थोडे आढेवेढे घेतले. मुलींनी तबकड्या फेकायच्या म्हणजे काय, असंही एकाने विचारलं. त्यांना दादींनी काय उत्तर दिलं ते आम्हाला कळलं नाही, पण परवानगी मिळाली. फक्त मुली आणि बायका, सकाळी सात ते नऊ, आणि झाडांना इजा नाही, या बोलीवर. पहिल्या रविवारी आमचं घर धरून तीन घरच्या बायका-मुली आल्या. बुरख्यात खेळता येतं का, हा प्रश्न कुणाला विचारावाही लागला नाही. धावायचं नसतं, चालायचं असतं. हात तेवढा मोकळा पाहिजे.

आपल्यापैकी कुणाला हे करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. विरळ झाडांची जागा बघा, जिथून येणारं-जाणारं माणूस आणि गुरं लांबून दिसतील. समोर कुणी असेल तर फेकायचं नाही, हा पहिला नियम. खास तबकड्या मिळाल्या नाहीत तर दुकानातली साधी प्लॅस्टिकची तबकडी चालते, शिकायला तर तीच बरी, कारण ती सावकाश उडते आणि लागली तरी जखम होत नाही. धातूचं झाकण मात्र नको. घरं चाळीस-पन्नास पावलांवर ठेवा. निशाण झाडाला नाही, खांबाला किंवा जमिनीवरच्या टोपल्याला बांधा. वारा समोरून असेल तर तबकडी खाली आणि सपाट ठेवा. पायात बूट आणि हातात काठी असू द्या. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला बघायला नाही, खेळायला घेऊन जा.

परवा मामूंचा फोन आला होता. गोणपाट सोडून बघितलं, लिंबाची जखम कडेने भरून येते आहे. वस्तीवरची भावंडं रोज शाळा सुटल्यावर माळावर येतात. आता त्यांची आजीही येते. सर्वांत मागे असते आणि सर्वांत आधी फेकते.